खिशातल्या 'सार्थ' पुस्तिकेत अर्थ किती असावा?

चौथा_चरण

हरिपाठ, मनाचे श्लोक, चांगदेव पासष्टी, पसायदान. एका बैठकीत वाचून होणारी ही आपली खरी छोटी पुस्तकं. बहुतेकांच्या मुखपृष्ठावर आता 'सार्थ', म्हणजे अर्थासह, हा शब्द असतो. माझं मत स्पष्ट मांडतो: खिशातल्या पुस्तिकेत सलग अर्थ छापू नये. मूळ मोठ्या टायपात द्यावं, अडणारे शब्द तेवढे पानाच्या तळाशी उलगडावेत.

कारण जागेचं आहे. मनाचे श्लोक २०५. पुस्तिका ए-६, म्हणजे १०५ बाय १४८ मिमी. वर-खाली १२ मिमी समास सोडला, अक्षर १४ पॉइंट आणि ओळीचं अंतर २० पॉइंट ठेवलं, तर पानावर चार श्लोक बसतात (पानाचा आकडा खालच्या समासात). ५२ पानांत काम झालं. नाव, प्रस्तावना, आरती धरून ६४ पानं, १६ पानी चार फॉर्म (फॉर्म म्हणजे छापून घडी घातलेला एक मोठा कागद). आता प्रत्येक श्लोकाखाली १० पॉइंटात तीन ओळी अर्थ घाला. पानावर दोनच श्लोक राहतात, १०३ पानं होतात, म्हणजे सात फॉर्म, ११२ पानं. किंमत वाढू नये म्हणून मग काय करतात? श्लोकही १० पॉइंटावर आणतात आणि कागद पातळ घेतात. देवनागरीत १० पॉइंटाला रफार आणि अनुस्वार एकमेकांत घुसतात, ह्रस्व-दीर्घ उकार ओळखू येत नाही, मागच्या पानाची शाई आरपार दिसते. ही पुस्तिका पहाटे समईच्या उजेडात वाचणाऱ्या आजी-आजोबांसाठी असते, हे विसरलं जातं.

शिवाय तीन ओळींचा अर्थ हा बऱ्याचदा अर्थ नसतोच. हरिपाठाच्या पहिल्या अभंगात 'मुक्ती चारी' आहे. सलग अर्थात 'मोक्ष मिळतो' एवढं येतं. तळटीप असती तर सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता ही चार नावं आली असती. कमी जागेत जास्त माहिती.

पानोपानी_अर्थ

पूर्ण असहमत. तुम्ही सोयीचं उदाहरण निवडलंत. अडचण शब्दाची असेल तिथे तळटीप चालते, रचनेची असेल तिथे ती काहीच करत नाही. त्याच हरिपाठातला तिसरा अभंग घ्या: 'त्रिगुण असार निर्गुण हें सार । सारासार विचार हरिपाठ ॥' यातला एकही शब्द अवघड नाही. त्रिगुण म्हणजे सत्त्व, रज, तम, झाली तुमची टीप. पण ओळीत क्रियापद नाही. हरिपाठात सारासार विचार आहे, की हरिपाठ हाच सारासार विचार? हे वाक्य लिहूनच सांगावं लागतं.

आणि 'मूळ वाचा, कळेल हळूहळू' हा सल्ला ज्यांच्या घरी कीर्तन-प्रवचन आहे त्यांना ठीक. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात वाढलेल्या मुलाच्या हाती नुसती संहिता दिली, तर तो एक तर पाठ करेल किंवा ठेवून देईल. विनोबांनी हाच प्रश्न गीतेपुरता वेगळ्या मार्गाने सोडवला: ७०० श्लोकांना ७०० मराठी श्लोक, १९३० साली सुरू करून १९३१ च्या फेब्रुवारीत पूर्ण. अर्थ वेगळा छापायची गरजच उरली नाही, आणि पुस्तक खिशात मावलं. लोकांना अर्थ हवा होता म्हणूनच गीताई घरोघरी गेली.

फॉर्म_सोळा

तुम्ही दोघं अर्थावर भांडता आहात, पण पाठाचं पुस्तक उघडं राहिलं पाहिजे ही पहिली अट आहे. हातात टाळ असतात.

७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोवर, म्हणजे छपाईच्या साध्या कागदावर, पिन बाइंडिंग (घडीवर मधोमध पिना मारून) ६४ पानांपर्यंत निर्धास्त, ८० पर्यंत ताणून. त्यापुढे पुस्तिका मिटत नाही, आणि घडीतली आतली पानं बाहेर सरकतात. कटिंग झालं की मधल्या पानांचा बाहेरचा समास दोनेक मिमी कमी भरतो. म्हणजे ११२ पानं झाली की तुम्ही परफेक्ट बाइंडिंगला गेलात. तिथे पाठीला गोंद असतो, आतला समास १५ ते १८ मिमी सोडावा लागतो, आणि ए-६ ची रुंदीच १०५ असल्याने ओळ आखूड होते. लोक पुस्तक उलटं दाबून उघडतात, पाठ तडकते, महिनाभरात पानं सुटी. ११२ पानंच हवी असतील तर फॉर्म शिवून घ्या. खर्च वाढतो, पण रोज वापरायच्या पुस्तकाला दुसरा इलाज नाही.

आणखी दोन गोष्टी छापखान्यात आधीच सांगाव्यात. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाठीला समांतर हवा, नाहीतर पानं ताठ उभी राहतात. मुखपृष्ठाला एकाच बाजूने लॅमिनेशन केलं तर पावसाळ्यात ते बाहेरच्या बाजूला वळतं, कारण आतली मोकळी बाजू ओल धरून फुगते. २५० ऐवजी ३०० जीएसएम घेतल्याने वळणं कमी होतं, थांबत नाही.

लगागा_लगागा

अर्थाआधी मूळ तरी नीट छापा अशी माझी मागणी आहे. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत: लघु-गुरु-गुरु चार वेळा, चरणात १२ अक्षरं. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' यात 'क्ति' आणि 'चि' ही दोन्ही अक्षरं लघु हवीत. टंकणारा 'भक्ती' हा शब्द एरवी दीर्घ लिहितो, म्हणून इथेही 'भक्तीपंथेची' करतो. दोन जागी वृत्त मोडलं, आणि वाचणाऱ्याला फक्त 'काहीतरी अडखळतंय' एवढंच कळतं. अशी चूक एकदा एका पुस्तिकेत शिरली की पुढचे तिच्यावरूनच टंकतात.

यासाठी नियम शोधायलाही लांब जावं लागत नाही. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच सांगितलंय की केशवसुतपूर्व पद्य मुळानुसार छापावं. म्हणजे 'द्वारीं', 'तेणें' यांवरचे अनुस्वार उडवणं हा 'शुद्धलेखनाचा नियम' नव्हे, नियमाचा भंग आहे. 'तेणें' मधला अनुस्वार तृतीया दाखवतो, म्हणजे 'त्यामुळे'. तो ठेवलात तर पानोपानी_अर्थ यांना हवा असलेला थोडा अर्थ फुकट मिळतो.

पानोपानी_अर्थ

@लगागा_लगागा, अनुस्वारावरून तृतीया ओळखणारा वाचक सार्थ प्रत विकत घेत नाही. बाकी 'भक्तिपंथेचि'बद्दल शंभर टक्के मान्य.

सूत्र_दृष्टांत

हा वाद कथांच्या पुस्तिकांत जास्त गंभीर आहे, आणि त्याचं उत्तर मराठीत सातशे वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या शिकवणीवरचा केसोबासांचा दृष्टांतपाठ घ्या. ११४ दृष्टांत, बहुतेक चार-सहा ओळींचे. पण प्रत्येकाला तीन भाग: आधी चक्रधरांचं सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट त्या सूत्राला कशी लागू होते ते. यातले पहिले दोन चक्रधरांचे, तिसरा केसोबासांनी जोडलेला. म्हणजे 'अर्थ' आहे, पण तो कोणाचा हे वेगळं दिसतं.

आजच्या बोधकथांच्या पुस्तिकांत काय होतं? मधली गोष्ट उचलतात, पहिलं-तिसरं टाकतात आणि खाली 'तात्पर्य' चिकटवतात. आंधळे आणि हत्ती हे ठळक उदाहरण. तात्पर्य म्हणून 'एकमेकांचं ऐकून घ्यावं' छापलं की परमेश्वराचं एकेक अंग हाती लागलेला तेच पूर्ण समजतो, हा मूळ प्रश्नच पुसला जातो. म्हणून चौथा_चरण यांचं 'अर्थ नको' मला पटत नाही. सूत्राशिवाय दृष्टांत छापणं म्हणजे कुलूप न देता किल्ली देणं. पण संपादकाचं तात्पर्य मुळाच्याच टायपात, मुळाला चिकटून छापणं त्याहून वाईट. वेगळा टाइप, आत सरकवलेली ओळ, एवढं तरी हवंच.

ज्ञानेश्वरीच्या 'निवडक ओव्यां'नाही हेच लागू. तिथे एकामागून एक उपमा येतात आणि त्या कशाच्या आहेत हे पुढच्या ओवीत येतं. मधली सुंदर ओवी एकटी काढली की चित्र राहतं, विषय जातो.

खोपा

कवितेपुरतं मात्र चौथा_चरण बरोबर आहेत. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, भाषा खानदेशातली लेवा गणबोली. 'मन वढाय वढाय' याखाली कोणी गद्य अर्थ दिला तर वाईट वाटतं. 'वढाय' म्हणजे ओढाळ, पण शहरातल्या मुलाला 'ओढाळ' तरी कुठे कळतं? आणि कळायची गरजही नाही, कारण उभ्या पिकातलं ढोर आणि कितीही हाकललं तरी परत पिकावर येणं हे लगेच पुढच्या ओळींत आहे. शब्दाचा अर्थ कवितेनेच दिलाय. तिथे टीपही दोन शब्दांची पुरे, आणि ती त्याच पानावर हवी. शेवटी शब्दसूची दिली की कोणी उलटून बघत नाही.

छोटे संग्रह काढू पाहणाऱ्यांसाठी हक्कांचं सांगते. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं हयातीतलं लेखन २०११ पासून मुक्त. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पण गाणी नंतर छापली, म्हणून मोजणी प्रकाशनापासून: २०१३ पासून मुक्त. विनोबा १९८२, म्हणजे गीताई २०४२ च्या अखेरपर्यंत परवानगीशिवाय छापता येणार नाही. संतांची संहिता मुक्त असली तरी एखाद्या प्रतीतला आधुनिक अर्थ मुक्त नसतो. 'सार्थ' पुस्तिकांत सर्रास उचलाउचल होते ती इथेच.

चौथा_चरण

'त्रिगुण असार'पुढे माझी तळटीप कमी पडते, मान्य. सूत्र_दृष्टांत यांचंही पटलं. म्हणून हिशेब पुन्हा मांडला.

हरिपाठात बहुतेक अभंग चार कडव्यांचे. चरणांची अक्षरं साधारण सहा-सहा-सहा-चार. पहिले दोन चरण एका ओळीत, पुढचे दोन दुसऱ्या ओळीत घेतले तर आठ ओळी, १६ पॉइंटातही आरामात बसतात. डाव्या पानावर अभंग, उजव्या पानावर अर्थ आणि शब्द. २८ अभंगांची ५६ पानं, वर आठ पानं मजकुराला. बरोबर ६४, चार फॉर्म, पिन बाइंडिंग, आणि समोरासमोर असल्याने अर्थ मुळाला चिकटत नाही. (काही प्रतींत २७ अभंग असतात. 'असती अठ्ठावीस' असं सांगणारा फलश्रुतीचा अभंग मोजला तर २८.)

मनाच्या श्लोकांना ही रचना लावली तर ५२ दुणे १०४ आणि वर आठ, पुन्हा ११२. तिथे माझं मत बदलत नाही.

पानोपानी_अर्थ

हरिपाठाची मांडणी मला चालेल. मनाच्या श्लोकांना ११२ पानं होत असतील तर होऊ द्यात, फॉर्म शिवून घ्या आणि पुस्तिकेची किंमत चार पैसे वाढवा. १० पॉइंटावर आणू नका, एवढंच.

फॉर्म_सोळा

डावं-उजवं करणार असाल तर पहिला अभंग सम पानावर आला पाहिजे. पुढची पानं पाच किंवा सात ठेवा, सहा ठेवलीत तर सगळा अर्थ पान उलटल्यावर येईल. प्रूफ पाहताना मोबाइलवर पीडीएफ एकेक पान बघू नका, त्यात हे कळत नाही. आठ पानांची डमी घडी घालून बघा.