अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपालच का?

कट्ट्यावरचा_काका: मुलगी टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला असते, सहा महिन्यांसाठी आलोय. टीव्हीवर सारखं गव्हर्नर हे बोलला, गव्हर्नरने ते बिल अडवलं. हा वॉशिंग्टनहून पाठवलेला माणूस असतो का हो? आणि मुख्यमंत्री कुठाय मग?

चहा_कमी_साखर: नाही हो काका, मुख्यमंत्री ही भानगडच नाही इकडे. गव्हर्नरला लोक थेट मत देऊन निवडतात, राष्ट्राध्यक्ष त्याला काढू शकत नाही, राष्ट्रपती राजवट वगैरे तर विसराच. टेक्सासात लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) आणि अॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील) पण वेगवेगळे निवडून येतात, त्यामुळे गव्हर्नर यांना हाकलून देऊ शकत नाही. आणि गंमत म्हणजे तिथली विधानसभा-सिनेट दोन वर्षांतून एकदाच बसते, विषम वर्षी जानेवारीत, फार तर १४० दिवस. मध्येच काही पेटलं तर गव्हर्नर खास अधिवेशन बोलावतो.

कट्ट्यावरचा_काका: १४० दिवस?? मग उरलेले दिवस आमदार करतात काय?

चहा_कमी_साखर: आपापले धंदे! पगार महिन्याला ६०० डॉलर, वर अधिवेशनाचा भत्ता. एवढ्यात ऑस्टिनमध्ये खोलीचं भाडं पण निघणार नाही, त्यामुळे वकील, बिझनेसवालेच जास्त दिसतात. मला तरी हे पटत नाही.

ओमाहाकर: आमचं नेब्रास्का राज्य अजून वेगळं, १९३७ पासून एकच सभागृह, ४९ सिनेटर आणि त्यांच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. कोण कुठल्या पक्षाचा ते सगळ्यांना माहीत असतं म्हणा.