राऊटरवर २३० व्होल्ट, पीसीवर ५८८८०! बाइट ऑर्डरचं काय करू?

उद्यमबागकर
आमच्या फाउंड्रीत भट्टीच्या वीजमीटरचं रीडिंग घेणारा सी प्रोग्राम मी लिहिलाय. मीटरशी बोलणं आरएस-४८५ तारेवरून, मॉडबस आरटीयू या प्रोटोकॉलनं. दोन वर्षं तो ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं लिनक्स) टाकलेल्या, मिप्स प्रोसेसरच्या जुन्या राऊटरवर बिनबोभाट चालला. परवाच्या वळिवात राऊटर जळाला, म्हणून तोच कोड इंटेलच्या पीसीवर चढवला. आता २३० व्होल्टच्या जागी ५८८८० दिसतंय. आलेल्या बाइट्सच्या पत्त्यावर १६ बिटी पॉइंटर कास्ट करून सरळ वाचतो मी. सगळीकडे इफडेफ (मशीन बघून कोड निवडणारी अट) घालून बाइट उलटे करू काय? जुन्या नोंदीही स्ट्रक्ट आहे तसं एफराइटनं फाइलीत लिहून ठेवल्यात. शनिवारी मालकांना युनिटचा हिशेब द्यायचाय, सांगा की कुणीतरी.

खानापूरकर
इफडेफ नको भाऊ. मशीन कुठलं, हे कोडला विचारायची वेळच येऊ देऊ नका. मॉडबसच्या रजिस्टरात (१६ बिटी खान्यात) वरचा बाइट आधी येतो, तेवढंच कोडात उतरवा. २३० म्हणजे हेक्समध्ये ००ई६. राऊटर बिग-एंडियन होता, म्हणजे मेमरीतही वरचा बाइट आधी ठेवणारा, म्हणून कास्ट आपोआप जुळत होतं. इंटेल लिटल-एंडियन, म्हणजे खालचा आधी, त्यानं ई६०० वाचलं. पहिला बाइट ८ बिट डावीकडं शिफ्ट करा, दुसऱ्याशी ऑर करा. शिफ्ट आकड्याच्या किमतीवर चालतो, मेमरीतल्या मांडणीवर नाही, त्यामुळं दोन्हीकडं उत्तर एकच.

३२ बिटी आकड्याला मात्र प्रत्येक बाइट आधी यूइंट३२_टी करा, मगच २४ नं शिफ्ट. एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर इंट १६ बिटीच असतो. तिथं माझे दोन दिवस गेलेत.

निपाणीकर
सीआरसीला (निरोपाच्या शेवटच्या तपासणी-बाइट्सना) तेच फंक्शन लावू नका हं, त्याचा खालचा बाइट आधी येतो. आणि फ्लोट (दशांश आकडा) असेल तर दोन रजिस्टरांत कुठलं आधी, हे मीटरवाल्यावर आहे. २३०.० कुणी ४३६६ ०००० पाठवतो, कुणी ०००० ४३६६. मॅन्युअल बघा. जोडलेले ३२ बिट फ्लोटमध्ये मेमसीपीवायनं (बाइट जसेच्या तसे कॉपी करून) न्या, पॉइंटर कास्टनं नको.

उद्यमबागकर
आलं! २३१ दाखवतंय, भट्टीवरच्या मीटरशी जुळतंय. जुन्या फाइलचा हेक्सडम्प काढला, तर एका बाइटच्या स्टेटसनंतर तीन बाइट पॅडिंगचे (कंपायलरनं सोडलेली मोकळी जागा) निघाले. ते सोडून वाचलं, तेव्हा तारखा बरोबर लागल्या. नवी फाइल आता बाइट-बाइट लिहितोय, वरचा आधी. आज रात्री तोच कोड क्यूईएमयूत (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) मिप्सवर चालवून दोन्ही फाइली ताडून बघतो.