मदत हवी आहे: गुहागरच्या घराला सोलर, ऑनग्रिड की ऑफग्रिड?

वेळणेश्वरी: गुहागर तालुक्यात घर आहे. पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसतो. एक जण ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेलं) म्हणतो, दुसरा म्हणतो ऑफग्रिड (फक्त बॅटरीवर) करा, कनेक्शनच कापा. कोटेशनची मुदत शुक्रवारी संपतेय. कुठलं घेऊ ते लवकर सांगा.

तारतंत्री: किती किलोवॅट? महिन्याला युनिट किती? स्लॅब की कौलं? पंप?

वेळणेश्वरी: ३ किलोवॅट. बिल दीड-दोन हजार.

तारतंत्री: रुपये नकोत हो, युनिट सांगा. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच असतो.

वेळणेश्वरी: १६० ते १९०. कौलं. फ्रीज, तीन पंखे, टीव्ही. आता सांगा!

तारतंत्री: मग २ किलोवॅट पुरे. वर्षाच्या सरासरीने १ किलोवॅटमागे रोज ४ युनिट धरा. ऑनग्रिडला पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचं अनुदान २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ ला ७८,००० रुपये. ऑफग्रिडला शून्य. पॅनेल डीसीआर (भारतात बनलेल्या सेलची) हवीत, नाहीतर अनुदान विसरा. बिलातला स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

सूर्यफूल_७: पण त्यांची अडचण बिल नाहीये, अंधार आहे! साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की भर दुपारीही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसाच बनवलेला असतो. ऑफग्रिडच करा.

तारतंत्री: आणि जुलैत काय खाणार? कोकणात तेव्हा दाट ढग असले की २ किलोवॅटमधून दिवसाला ३-४ युनिट मिळाले तरी नशीब. लाइट जाते तेव्हाच ऊनही नसतं. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तास) चार लेड ॲसिड बॅटऱ्या म्हणजे कागदावर ७.२ युनिट. अर्ध्याच वापरायच्या, वरून इन्व्हर्टरची घट, हातात ३. फ्रीज आणि पंख्यांवर एक रात्र निघते. दुसऱ्या रात्री मेणबत्ती.

गावठी_जुगाड: सोपं आहे. घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर चालू ठेवून त्याच्या आउटपुटला ऑनग्रिड इन्व्हर्टर जोडा. त्याला वाटतं लाइट आहे.

तारतंत्री: कृपया कोणी हे करू नका. घरात खप १०० वॅट आणि पॅनेलमधून १५००, तर उरलेली वीज त्या इन्व्हर्टरमध्ये उलटी घुसते. बोर्ड जळतो, बॅटरी उकळते. जनरेटरलाही हेच लागू.

अंगणवेल: सोलर बंब बसवा, गीझरचं बिल वाचेल.

वेळणेश्वरी: गीझर नाहीच आहे. चूल आहे.

सूर्यफूल_७: बरं, मग हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्ही) घ्या. ग्रिडला जोडलेला असतो म्हणून अनुदानही मिळतं. ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम बॅटरी, साधारण ५ युनिट, त्यातली ४ निर्धास्त वापरा. डीबीमध्ये (घरातल्या एमसीबीच्या बोर्डात) वेगळी बॅकअप लाइन काढून फ्रीज, दोन पंखे, दिवे, राउटर एवढंच त्यावर टाका. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केलेत तर ७५ ऐवजी ३० वॅट.

तारतंत्री: हायब्रिडला माझी ना नाही, कनेक्शन कापायला आहे. उन्हाळ्यात ग्रिडला दिलेली जादा युनिट पावसाळ्यातल्या बिलात वळती होतात. हिशेब मार्चअखेर मिटतो, शिल्लक राहिली तर पैसे अगदीच कमी दराने.

कोंडकारूळ: समुद्र किती लांब? स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा जाड थर दिलेलं), बोल्ट एसएस ३१६ (खाऱ्या हवेत टिकणारं स्टील), हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवा. ५४० वॅटची चार पॅनेल म्हणजे ११० किलोच्या वर वजन, जुन्या वाशांवर नको, अंगणात खांब उभारा. अर्थिंग तीन: पॅनेलकडची डीसी बाजू, घराकडची एसी बाजू आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक.

अंगणवेल: अंगणात माड असतील ना? झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी उत्पादन घसरतं. शिवाय नारळ पडला तर?

गावठी_जुगाड: वरून जाळी लावा.

कोंडकारूळ: जाळीचीही सावलीच पडते.

वेळणेश्वरी: समुद्र अर्धा किलोमीटर. दक्षिणेला दोन माड आहेत. हायब्रिड २ किलोवॅटचं नवं कोटेशन मागवते. विहिरीवरचा १ एचपी पंपही बॅकअपवर चालेल ना?

तारतंत्री: पंप आहे हे आत्ता सांगताय! सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, इन्व्हर्टर ट्रिप होईल. त्याला ग्रिडवरच ठेवा, टाकी लाइट असताना भरा. सिंगल फेज आहे का?