जुने ड्रॅक्युलापट आजही का भिववतात? तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात लेकाबरोबर १९२२ चा 'नॉस्फेरातू' पाहिला. दिग्दर्शक मुर्नाऊचा मूकपट. यातला काउंट ऑरलॉक म्हणजे नाव बदललेला ड्रॅक्युलाच. एका प्रसंगात तो स्वतः दिसतच नाही, नुसती त्याची सावली जिना चढते आणि हाताची बोटं लांबत लांबत दारापर्यंत जातात. जेवता जेवता झोंबीपट बघणारा आमचा पोरगा तिथे एकदम गप्प झाला. मला वाटतं, या चित्रपटांना घाई नसते, आणि भीती मुरायला तेवढा वेळ लागतोच. तुम्ही हे कधी, कुठे पाहिलेत, काय लक्षात राहिलं? सविस्तर लिहा, मंडळी.

नारायण पेठ:
छान विषय काढलात, ताई. मला त्यातलं गाव आठवतं. जहाजातून मातीच्या पेट्या आणि उंदीर येतात, पाठोपाठ प्लेग. एक माणूस खडूने दारांवर फुल्या मारत जातो. मग अरुंद रस्त्यातून काळ्या कपड्यांतली माणसं शवपेट्या वाहून नेतात, संथपणे, रांगेने. आमच्या आजीला तिच्या सासूबाईंनी १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या गोष्टी सांगितल्या होत्या. उंदीर पडला की घर सोडायचं, गावाबाहेर झोपड्यांत राहायचं. घरझडतीला गोरे सोजीर थेट माजघरात, देवघरात शिरायचे. लहानपणी ऐकलेलं ते सगळं मला त्या जर्मन गावात दिसलं. त्यापुढे रक्त पिणं काहीच नाही.

एरंडवणे:
लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमुळे मला जुन्या सिनेमाची गोडी लागली. 'नॉस्फेरातू'साठी ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. त्याच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं. काही प्रती बचावल्या म्हणून आपण आज हे बोलतोय. आणखी एक: कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडतो. उन्हाने मरणं या सिनेमाने रूढ केलं.

कॅम्प:
आम्ही हॅमरवाले, म्हणजे त्या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांचे चाहते! १९५८ चा ड्रॅक्युला भाड्याच्या कॅसेटवर, भावंडांनी दाटीवाटीने बसून पाहिलेला. ड्रॅक्युला झालेला क्रिस्टोफर ली जिन्यावरून खाली येतो, अदबीने बोलतो, पाहुण्याची बॅगसुद्धा स्वतः उचलतो. घरंदाज माणूस वाटतो हो! थोड्या वेळाने तोच दारात उभा, डोळे लालभडक, ओठांवरून रक्त, आणि तेही रंगीत. आधी एवढं आदरातिथ्य झालं नसतं तर त्या दाराची एवढी धास्ती बसली नसती.

कोथरूड:
आपली भुतं जागा सोडत नाहीत. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी. तिन्हीसांजेला तिकडे फिरकायचं नाही, झालं. हा ड्रॅक्युला मात्र स्वतःच्या गावची माती पेटीत भरून समुद्र ओलांडून येतो. लहानपणी मला याचीच सगळ्यात भीती वाटायची, की हा पत्ता शोधत येईल.

सहकारनगर:
१९३१ चा बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' बघाच. श्रेयनामावलीनंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. रात्री, पंखा बंद करून बघा. लुगोसी दोन शब्दांमध्ये थांबतो ना, ती शांतता अंगावर येते.

औंध:
१९७९ चा, दिग्दर्शक हर्झोगने नव्याने केलेला 'नॉस्फेरातू' कुणी पाहिलाय का? त्यातला क्लाउस किन्स्कीचा काउंट मरण येत नाही म्हणून झुरतो. माझे आजोबा शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होते, 'आता सुटका होऊ दे' म्हणायचे. त्या काउंटची मला भीती वाटलीच नाही, पोटात कालवलं. आणखी कुणाला असं झालं का?