मदत हवी आहे: सोलापूरच्या माळावरची वेडी बाभळ काढून गवत परत आणायचंय

नमस्कार मंडळी,

नान्नजच्या अलीकडे आमचा वडिलोपार्जित सहा एकर माळ आहे. वीतभर माती, खाली मुरूम. ज्वारी धड येत नाही म्हणून कुणी कसला नाही. आजोबांच्या वेळी इथं पवन्या आणि कुसळी ही गवतं गुडघ्याच्या वर जायची, दिवाळीनंतर कापून गंजी लागायच्या. आता निम्म्याहून जास्त वेडी बाभळ, उरलेल्यात गाजर गवत, बांधाला घाणेरी.

मागे कोळसेवाल्याला बाभळी तोडायला दिल्या. त्यानं लाकूड नेलं आणि खुंट तसेच ठेवले. मृगाच्या पावसावर एकेका खुंटाला मुठीत मावणार नाहीत इतके फोक फुटले. काटे तर असे की चपलेतून आरपार.

जेसीबीवाला म्हणतो, दोन दिवसांत माळ साफ करून देतो. पण शेजारच्या रानात त्यानं असंच केलं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं गाजर गवताशिवाय काही उगवलं नाही. मग काढायचं कसं? पवन्या, मारवेल या गवतांचं बी कुठून आणायचं? आणि चराई किती दिवस बंद ठेवायची? चुलते म्हणतात, उन्हाळ्यात शेळ्या याच शेंगांवर जगतात आणि चूलही यावरच पेटते. तेही खोटं नाही.

कृपया 'झाडं लावा' सांगू नका. गिरिपुष्प लावायचा सल्ला चार जणांनी देऊन झालाय. खडकाळ मोकळ्या तुकड्यात अजून धाविक पक्षी दिसतात, संध्याकाळी खोकड फिरतं. बाभळ दाटली तिथं यातलं काही नाही. मला माळ माळच हवाय.

प्रतिसाद १

जेसीबी नकोच. एवढी पातळ माती उलथली की गाजर गवताला आयतं रान मिळतं. एका झाडाला 10 ते 25 हजार बिया, त्यामुळे उघडी जमीन दिसली की ते हजर.

बाभळीचं फूट येणारे डोळे खोड मुळांना मिळतं त्या गड्ड्यावर असतात. वरून कितीही तोडा, उपयोग नाही. पाऊस ओसरताना जमीन मऊ असते तेव्हा पहार-कुदळीनं फूटभर खाली जाऊन गड्डाच काढायचा, खड्डा लगेच बुजवायचा. सहा एकर एकदम काढू नका. जेवढं राखता येईल तेवढंच मोकळं करा, आणि सुरुवात जिथं थोडंफार गवत टिकून आहे तिथून करा. दाट बाभळीत घुसायची घाई नको. बाभळीचं बी मातीत वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे रोपं येतच राहतील. ती बोटाएवढी असताना हातानं उपटली जातात.

बी विकत घेण्याआधी आसपासचे बांध आणि रस्त्याकडेचे तुकडे बघा. पवन्याची कणसं दिवाळीच्या सुमाराला पिकतात. ताजं बी नीट उगवत नाही, पोत्यात उन्हाळाभर ठेवा आणि पहिल्या पावसाला माती-शेणात कालवून फेका. मारवेलचे ठोंब लावता येतात. राहुरी विद्यापीठाचा 'फुले गोवर्धन' मारवेल चाऱ्याला उत्तम आहे, पण माळ पूर्ववत करायचा तर गावरान बीच बरं.

प्रतिसाद २

गाजर गवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते. मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात त्याची पानं खातात. ते 1984 मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडले होते, आता बऱ्याच ठिकाणी आपोआप दिसतात. तुमच्याकडे असतील तर त्या तुकड्यात फवारणी करू नका. पण नुसत्या त्यांच्या भरवशावरही राहू नका, पाऊस संपला की ते जमिनीत जातात.

चराईचं म्हणाल तर पेरलेल्या तुकड्यावर दोन पावसाळे जनावर नको, गवत कापून न्यायचं. कुंपणाला तोडलेल्या बाभळीचेच काटे टाका, फक्त शेंगा झाडून घ्या. चुलत्यांसाठी घराकडची पट्टी सगळ्यात शेवटी काढा. मात्र शेंगा खाल्लेल्या शेळ्या पेरलेल्या रानातून नेऊ नका, लेंड्यांतून बी पडतं.

धागाकर्ता

दोघांचे आभार. पोळ्यानंतर वरच्या अंगाचा अर्धा एकर धरतो, तिथं कुसळी अजून आहे. कुणी पहार-कुदळीनं गड्डे काढून घेतले असतील तर मजुरी रोजावर दिली की खुंटावर, आणि एकरी किती पडली, तेवढं सांगा.