पीएसक्यूएल म्हणतंय सर्व्हर १.२१?? अपग्रेड तर १६ ला केलं होतं

रात्रपाळीवाला: मंडळी जरा बघा ना. शनिवारी रात्री आमचा पोस्टग्रेस डेटाबेस सर्व्हर व्हर्जन १३ वरून १६ ला नेला, सगळं नीट झालं, पहाटे घरी जाऊन झोपलो. आज साहेब शेजारी बसलेले आणि मी ६४३२ पोर्टवर पीजीबाउन्सरमधून (ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये बसून कनेक्शन्स वाटून देणारा पूलर) पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं कमांड लाइन क्लायंट) उघडलं तर वॉर्निंग, पीएसक्यूएल मेजर व्हर्जन १६, सर्व्हर मेजर व्हर्जन १.२१, काही फीचर्स चालणार नाहीत म्हणे. साहेब म्हणाले, अरे हे तर मागे गेलं! त्यात बॅकस्लॅश एल (डेटाबेसांची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर इनव्हॅलिड कमांड. ॲप मात्र व्यवस्थित चालू आहे. पूलरने घोळ घातलाय का?

पूलरकाका: डेटाबेसचं नाव काय दिलंस? पैज लावतो, पीजीबाउन्सर हेच दिलं असणार. तो खरा डेटाबेस नाहीच रे, पूलरचा ॲडमिन कन्सोल (पूलरलाच कमांड द्यायची जागा) आहे. तिथे मागे पोस्टग्रेस नसतोच, पूलर स्वतःच उत्तर देतो आणि सर्व्हर व्हर्जन विचारलं की स्वतःचाच नंबर सांगतो. बॅनरमध्ये (पीएसक्यूएल उघडताच येणारी ओळ) बघ, १.२१ च्या पुढे स्लॅश देऊन बाउन्सर लिहिलेलं असेल. पीएसक्यूएल बिचारं तो आकडा पोस्टग्रेसचा समजतं, १६ चं क्लायंट ९.२ पेक्षा जुना सर्व्हर दिसला की ओरडतंच. आणि बॅकस्लॅश एल म्हणजे आतून सिस्टम कॅटलॉगवर (पोस्टग्रेसची स्वतःची माहिती ठेवणारी टेबलं) सिलेक्ट क्वेरी, ते या कन्सोलला कुठून कळणार, त्याला शो पूल्स, शो क्लायंट्स, पॉज, रिझ्यूम असलंच कळतं.

चहा_आणि_क्वेरी: बरोबर, पण म्हणून ही वॉर्निंग कायम सोडून देऊ नका हां. खऱ्या डेटाबेसला पूलरमधून जोडलं की व्हर्जन मागच्या पोस्टग्रेसचंच येतं, तिथे वॉर्निंग आली तर ती खरी. आमच्याकडे एकाच्या लॅपटॉपवर क्लायंट ११ आणि सर्व्हर १२, टेबलवर बॅकस्लॅश डी (टेबलची रचना दाखवणारी कमांड) मारलं की रेलहॅजओआयडीज कॉलम नाही म्हणून एरर, कारण १२ मध्ये तो कॉलमच काढला. अर्धा दिवस आम्ही पूलरला शिव्या घालत बसलो होतो. आणि पीजी_डंप (बॅकअप काढणारं टूल) तर वॉर्निंगवर थांबतच नाही, सर्व्हर स्वतःपेक्षा नवीन मेजर व्हर्जनचा दिसला की सरळ काम बंद. बॅकअपच्या मशीनवर १३ चाच डंप पडलाय का ते आजच बघ.

रात्रपाळीवाला: काका पैज जिंकलात 😅 कुणीतरी एलियस (कमांडचं शॉर्टकट नाव) करून ठेवलं होतं त्यात नाव पीजीबाउन्सर. ॲपच्या डेटाबेसला जोडून शो सर्व्हर_व्हर्जन केलं, १६ आलं, साहेब चहाला गेले. पण बॅकअप मशीनवर डंप खरंच १३ चा निघाला, रविवारची फाइल शून्य बाइट आहे. आता तेच करत बसलोय.