पगार हे कारण असतं, पण…

'नोकरी का सोडलीत?' या प्रश्नाला बहुतेकांनी पगार आणि खडूस बॉस, ही दोनच कारणं दिली आहेत. माझं तिसरं: घाटकोपर.

डोंबिवलीहून फास्ट लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रोची रांग, मग चकाल्याचं ऑफिस. जाऊन-येऊन चार तास. पावसाळ्यात तर विचारूच नका. तरी साडेचार वर्षं काढली, कारण टीम चांगली होती. मग एक नवा मुलगा आला. त्याला काम मीच शिकवलं. एकदा डबा खाताना तो सहज त्याचा पगार बोलून गेला. माझ्यापेक्षा जास्त! त्याच्यावर राग नव्हता हो, पण पोळीचा घास घशात अडकला. एचआरचं उत्तर काय, तर 'मार्केट रेट'. म्हणजे मार्केट रेट हवा तर आधी मार्केटमध्ये जा.

तरी लगेच राजीनामा टाकला नाही. 1972 च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) तेव्हा सलग 5 वर्षं लागत. सहा महिने दात-ओठ खाऊन थांबलो. राजीनामा दिल्यावर साहेबांना अचानक माझ्यासाठी बजेट सापडलं! (हे बजेट आधी कुठल्या कपाटात असतं कोण जाणे.)

आता ऐरोलीला आहे. पगार फार वाढलेला नाही. ठाण्याला गाडी बदलायची, की आलंच. संध्याकाळी सातला घरी असतो, मुलगी अजून जागी असते.